मुंबईला जायचं कधी, आणि त्याआधी काय

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. वय २३, बी.कॉम. झालेली, एका सहकारी सोसायटीत कॅश काऊंटरला बसते. कॉलेजात एकांकिका केल्या, एकीत अभिनयाचं बक्षीस मिळालं. आता पुण्यातल्या एका अ‍ॅक्टिंग क्लासने तीन महिन्यांच्या कोर्सचे दीड लाख सांगितलेत, आणि शेवटी इंडस्ट्रीतल्या लोकांशी गाठ घालून देऊ, असंही म्हटलंय. तिचं विचारणं असं: पैसे भरू का, नोकरी सोडून मुंबईला जाऊ का, माझी बेळगावी भाषा आड येईल का. आणि जाता जाता, घरी अजून सांगितलेलं नाही, ते कसं सांगू.

मी बेळगावच्या हौशी रंगभूमीवर वाढलो. नाटकं बसवली, मालिकांत लहानसहान कामं केली. माझ्या तालमीतून मुंबई-पुण्याला गेलेली आणि तिथे टिकलेली मुलं बघितली, आणि परत आलेलीही. त्यावरून सांगतो.

बाळ, उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. पैसे भरू नको. नोकरी इतक्यात सोडू नको. भाषा थोडी आड येईल, पण तू घाबरतेस तितकी नाही, आणि ती पुढे कामालाही येईल.

अभिनय शिकायचा म्हणजे चुकावं लागतं, पुन्हा पुन्हा, आणि लोकांसमोर. चुकण्याचा दर मात्र गावागणिक वेगळा असतो. मुंबईत खोलीचं भाडं, लोकल, डबा धरला तर एक महिना नुसता वाट बघण्यात गेला तरी तुझा दोन महिन्यांचा पगार संपतो. मग माणूस चुकायला घाबरतो, आणि घाबरलेला नट शिकत नाही, तो फक्त लोकांना आवडायला बघतो. इथे बेळगावच्या शहापुरातल्या एखाद्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते दहा तालीम केलीस आणि रोज चुकलीस तरी चहाचे पैसे जातात. म्हणून माझं म्हणणं, पुढची दोनेक वर्षं शिकणं इथे कर. मुंबई ही शिकलेलं विकायची जागा आहे. तिथे शाळा शोधत जाणारी मुलं तिथल्या गर्दीत चेंगरतात.

आता शिकायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो, कारण 'तालीम कर' म्हणणं फार सोपं आहे.

तू काऊंटरला बसतेस ना? शंभराच्या नोटांचं बंडल मोजत असतेस. समोर एक म्हातारा उभा आहे, हप्त्याला मुदत मागतोय. तुझा अंगठा थांबत नाही, ओठ जेमतेम हलतात, नजर नोटांवर असते, आणि वर न बघताच तू म्हणतेस, 'काका, मॅनेजरसाहेबांना भेटा की.' त्या वर न बघण्यात किती आहे बघ. तुला त्याची दया येतेय, आणि वर बघितलंस तर आकडा विसरणार, हेही तुला ठाऊक आहे. आता हाच प्रसंग नव्या नटाला करायला सांग. तो आधी नोटा खाली ठेवतो. मग तोंड प्रेक्षकांकडे वळवतो, चेहऱ्यावर दया आणतो, आणि नंतर वाक्य म्हणतो. झालं, प्रसंग मेला.

म्हणून तालमीला हे कर. वर्तमानपत्राचे नोटांएवढे कागद काप. बंडल दुसऱ्याला बांधायला लाव, म्हणजे किती कागद आहेत ते तुला माहीत नसणार. तू मोजायचंस, आणि जोडीदाराने त्याला खरोखर हवं असल्यासारखं मुदत मागत राहायचं. शेवटी आकडा बरोबर आला पाहिजे आणि नकारही त्याला पोचला पाहिजे. आकडा चुकला की प्रसंग पहिल्यापासून. चार-पाच दिवसांत तुला कळेल की 'भाव कसा आणू' हा प्रश्नच पडेनासा झालाय. काम खरं असलं की चेहरा आपोआप शहाणा होतो.

मग त्याच प्रसंगात एकच गोष्ट बदल. तो म्हातारा तुझ्या शाळेतले गुरुजी आहेत. ते बसू दे, मग आणखी एक: शेजारच्या खुर्चीवर पिग्मीवाला, म्हणजे घरोघर रोजची बचत गोळा करणारा, बसलाय, आणि गुरुजींवर कर्ज आहे हे त्याला कळता कामा नये. वाक्यं तीच ठेव. तुझा आवाज कुठे उतरला, पावतीबुक कुठे सरकवलंस, 'काका'चं 'गुरुजी' झालं तेव्हा मान किती हलली, हे जोडीदाराला टिपायला सांग. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की ज्याला 'जर' म्हणायचा, ते हेच. 'जर मी या जागी असते तर?' आपल्याकडे भरतमुनींनी आंगिक (अंगाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) असे अभिनयाचे चार प्रकार सांगून ठेवलेत. हौशी मंडळी सात्त्विकापासून सुरुवात करायला बघतात, म्हणजे डोळ्यांत पाणी आणायला. मी मुलांना हातांपासून सुरू करायला लावतो. डोळे मागाहून येतात.

ऐकणं हे त्याच्याच पोटातलं. समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघणं म्हणजे ऐकणं असं बऱ्याच जणांना वाटतं. तपासायचं असेल तर जोडीदाराला सांग, आज एक वाक्य मुद्दाम बदलून म्हण. तू पाठ केलेलंच उत्तर दिलंस तर तू ऐकत नव्हतीस.

आता इथे करायला मिळतं कुठे? पुष्कळ ठिकाणी. बेळगावात वरेरकर नाट्य संघासारख्या जुन्या संस्था आहेत, कोनवाळ गल्लीत लोकमान्य रंगमंदिर आहे, मोठ्या प्रयोगांना कुमार गंधर्व रंगमंदिर आहे. गणपतीत जिवंत देखावे असतात. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदग्याची साहित्य संमेलनं भरतात, तिथे अभिवाचनाला, एकपात्रीला जागा मिळते, आणि समोर गावचे लोक बसलेले असतात, जे कंटाळले तर सरळ उठून जातात. तो प्रेक्षक फार मोलाचा. पुरुषोत्तम करंडकासारख्या महाविद्यालयीन स्पर्धांचं दार पदवीनंतर बंद होतं, पण खुल्या गटाच्या एकांकिका स्पर्धा आहेत, महाराष्ट्र शासनाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे.

कुठल्याही संस्थेत गेलीस की पहिल्या नाटकात भूमिका मागू नको. प्रॉम्प्टिंग माग. लोक याला हलकं काम समजतात. विंगेत संहिता घेऊन बसलेल्या माणसाला सगळ्यांची वाक्यं कळतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नट कुठे मुद्दाम थांबलाय आणि कुठे विसरलाय, हा फरक कळायला लागतो. विसरलेल्याची मान किंचित ताठ होते, श्वास वरच अडकतो. थांबलेल्याचा श्वास चालू असतो. हे एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की तुझ्या स्वतःच्या थांबण्यात फरक पडतो. शिवाय एखादी नटी ऐनवेळी आजारी पडली तर पाठांतर कुणाचं असतं? विंगेतल्या मुलीचं. चांगल्या भूमिका अशा मिळालेल्या मी बघितल्यात.

एका गोष्टीपासून जपून राहा. आपली वैशाखातली शिवजयंती, ट्रॉलीवर उभे केलेले चित्ररथ, रेकॉर्ड केलेले संवाद, रात्रभर चाललेली मिरवणूक. त्यात जरूर काम कर. जड पोशाखात पहाटेपर्यंत तोच प्रसंग त्याच जोराने उभा करायचा, त्याने अंगात दम येतो, पाठ ताठ राहायला शिकते. पण रेकॉर्डवर ओठ हलवायचे आणि लांबच्या गॅलरीतून दिसावं म्हणून हात फेकायचे, ही सवय लागते ती सुटत नाही. आमच्याकडे चित्ररथावरून थेट तालमीला आलेली मुलं पहिला महिनाभर 'चहा घे' सुद्धा तलवार उपसल्यासारखं म्हणतात.

आवाजाचं थोडक्यात. तुमच्या गावात भजनी मंडळ असणारच, त्यात बायकांचं असलं तर आणखी बरं. जाऊन बस. हरिपाठ म्हणताना श्वास कुठे घ्यायचा हे कुणी शिकवत नाही, समूहाबरोबर आपोआप जमतं, आणि ताल अंगात मुरतो. रंगमंदिरात मागच्या रांगेला ऐकू जायला ओरडावं लागत नाही, वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा नसतो एवढंच. आपण सगळे शेवट गिळतो.

आता भाषा. तू लिहिलंयस, 'मी दोन एकांकिकेत काम केलो', 'घरात अजून सांगितलो नाही'. बेळगाव, खानापूर, निपाणी, पार कोल्हापूरपर्यंत पोरीबाळी असंच बोलतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पुण्याच्या ऑडिशनला डॉक्टरची भूमिका वाचताना 'मी रिपोर्ट बघितलो' असं तोंडून गेलं की समोरची बाई पुढचं ऐकायची थांबते. व्याकरण मात्र चार महिन्यांत दुरुस्त होतं. खरी मेहनत हेलाची आहे. आपल्या वाक्याचं शेपूट वर जातं, कन्नडच्या शेजाराने आलेलं ते वळण आहे, आणि शब्द कितीही प्रमाण केले तरी ते लपत नाही.

त्यावर माझा उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. रोज एक बातमी घे. फोनवर रेकॉर्डिंग लावून ती आधी छापील मराठीत मोठ्याने वाच. मग तीच बातमी मावशीला सांगतेस तशी आपल्या बोलीत सांग. मग कन्नडमध्ये, मोडकी असली तरी चालेल. रात्री तिन्ही ऐक. अर्थ सोडून नुसती चाल ऐक. थोड्या दिवसांत तुझ्या कानाला तीन वेगळ्या चाली ऐकू यायला लागतील, आणि जे ऐकू येतं ते बदलता येतं.

बोली पुसून टाकू नको, ती खिशात ठेव. मालिकांतली 'ग्रामीण' भाषा बघ, सातारा, सोलापूर, कोल्हापूर सगळं एकत्र घुसळलेलं असतं आणि कुठल्याच गावात कुणी तसं बोलत नाही. (मला ते ऐकवत नाही, टीव्ही बंद करतो.) ज्या मुलीला प्रमाण मराठी चोख येते आणि जी मागितल्याबरोबर खानापूरच्या बाजाराची भाषा बोलू शकते, तिच्यासारख्या फार थोड्या असतात.

आणि कन्नड. इथे काहींना माझं म्हणणं रुचणार नाही, पण सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते सर्वोच्च न्यायालयात होईल, २००४ पासून दावा पडून आहे. तू तुझी अर्धी बाजारपेठ त्यावर ओवाळून टाकू नको. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं, त्याच्या मागे कर्नाटकातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींचे, म्हणजे फिरत्या लोकनाट्य मंडळींचे, खेळ होते. १८८० मध्ये मराठी संगीत नाटकाला रूप देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीजवळचे. कन्नड कंपनी नाटकातले थोर नट एणगी बाळप्पा, जे शंभरी ओलांडून २०१७ साली गेले, तेही सौंदत्ती तालुक्यातलेच. एकाच तालुक्याच्या मातीतून दोन्ही रंगभूमींना थोर माणसं मिळाली. गोकाक बाजूचा 'श्रीकृष्ण पारिजात', बैलहोंगलकडचं 'सण्णाट', ही कन्नड लोकनाट्यं कधी रात्रभर बसून बघितलीस का? नट प्रेक्षकांशी बोलता बोलता पात्रात कसा शिरतो आणि कसा बाहेर येतो, हे तिथे जितकं उघड दिसतं तितकं कुठल्या क्लासमध्ये दिसणार नाही. बेंगळुरूला कन्नड मालिका सतत चालू असतात, आणि उत्तर कर्नाटकच्या ढंगात बोलणारी पात्रं त्यांनाही लागतात. तुझ्या शाळेत कन्नड होतंच. लिहिता-वाचता येण्याइतकं पुन्हा पक्कं कर.

प्रशिक्षण घेऊच नको असं माझं म्हणणं नाही. उलट, दोन वर्षांनी घे, आणि चांगल्या ठिकाणी घे. दिल्लीची राष्ट्रीय नाट्य शाळा, म्हणजे एनएसडी, तीन वर्षांची. तिथे पदवी लागते, हिंदी-इंग्रजीची जाण लागते, वयाची अट तिशीच्या आसपास आहे, आणि आधी नाटकांत काम केल्याचा पुरावा मागतात. म्हणजे इथल्या हौशी नाटकांच्या जाहिराती, प्रमाणपत्रं, फोटो आजपासून एका फाईलला लाव. अतुल कुलकर्णी बेळगावात जन्मले, सोलापूरला हौशी रंगभूमीवर कामं केली, मग एनएसडीतून १९९५ मध्ये बाहेर पडले, आणि पुढे मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम असे सगळीकडे वावरले. आधी हौशी काम, मग शाळा, मग कॅमेरा हा क्रम मला आजही सगळ्यात भक्कम वाटतो.

दिल्ली दूर वाटली तर एनएसडीचंच बेंगळुरू केंद्र आहे, तिथला अभ्यासक्रम एक वर्षाचा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे, चोर्ला घाट उतरलं की पणजीत कला अकादमीची नाट्यशाळा. कॅमेऱ्याचा अभिनय मुळापासून शिकायचा तर पुण्याची एफटीआयआय, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट. तुझं गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांत येत असेल तर महाराष्ट्रातल्या प्रवेशांत सीमाभागासाठी सवलती आहेत. कुठला दाखला लागतो ते त्या विद्यापीठाच्या कचेरीत आधी विचार, कारण ऐनवेळी तहसीलदार कचेरीत रांगेत उभं राहण्यात मुदत निघून जाते.

यातलं एकच ठिकाण निवडून दे म्हणालीस तर, तुझं कन्नड बरं झालं असेल तर मी शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूचं नीनासम् सांगेन. के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ साली खेड्यात सुरू केलेली संस्था, १९८० पासून तिथे नाट्यशिक्षण चालतं, एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम, शिकवणं कन्नडमध्ये. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत नाटक. सेट ठोकण्यापासून दिवे लावण्यापर्यंत सगळं हाताने करायचं. त्यांची 'तिरुगाट' ही फिरती नाटकं १९८५ पासून गावोगाव जातात. नट म्हणून अंग मोडायला आणि पुन्हा घडायला अशी जागा मी दुसरी बघितली नाही. पुण्यातल्या मराठी मुलांना भाषेमुळे ते दार बंद आहे, तुला उघडं आहे.

तुझ्या त्या दीड लाखाच्या क्लासकडे पुन्हा वळतो. खासगी क्लास सगळे वाईट असतात असं नाही. विचारायचं एवढंच: रोज शिकवायला प्रत्यक्ष कोण उभं राहणार, की नावाजलेला माणूस उद्घाटनाला येऊन जाणार? वर्गात किती जण? शेवटी प्रयोग होतो की नुसती शोरील, म्हणजे कामाच्या तुकड्यांची छोटी फिल्म? एक दिवस मागे बसून बघू देतात का? बघू देत नसतील तर विषय संपला. आणि 'गाठ घालून देतो' हे जो पैशाच्या पावतीबरोबर सांगतो, त्याच्या ओळखीने काम मिळत नाही. कास्टिंगवाले रोज नवी माणसं शोधत असतात, त्यांना गाठायला मध्यस्थ लागत नाही. चांगली टेप, म्हणजे स्वतः फोनवर काढलेला ऑडिशनचा व्हिडिओ, लागते.

ती टेप खानापुरात बसूनही निघते. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर पानभर संवाद येतो, संध्याकाळपर्यंत पाठवायचा असतो. मागे साधी भिंत घे, देवाचं कॅलेंडर उतरव. खिडकी तोंडासमोर पाहिजे, पाठीमागे नको. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या चळतीला टेकवून. फ्रेम छातीपासून वर. पंखा बंद, नाहीतर आवाजात घरघर येते. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, गाव, भाषा कुठल्या येतात, मग डावी-उजवी बाजू, हात पुढून-मागून. तेवढ्यापुरतं कॅमेऱ्यात बघायचं. संवादाच्या वेळी क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं म्हणणारा माणूस फोनच्या अगदी शेजारी उभा कर आणि त्याच्याशी बोल. त्याने वाक्यं सपाट वाचली तरी चालतील, पण त्याचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा यायला नको, कारण माईक त्याच्या तोंडाशी असतो. ब्युटी फिल्टर लावला तर टेप तिथेच बाद होते, तुझी खरी कातडी दिसायला हवी असते. फाईलला नाव, वय, गाव, भूमिकेचं नाव दे. शंभर जणांनी 'ऑडिशन फायनल' याच नावाने पाठवलेली असते.

रंगमंचावरून आलेल्यांचं कॅमेऱ्यासमोर एक हमखास होतं, भुवया नाचतात. मघाचा नोटांचा प्रसंग फोनसमोर कर, पण हात फ्रेमच्या बाहेर ठेवून. मोजणी खरी असेल तर ती डोळ्यांत दिसते, लटकी असेल तर तेही दिसतं. आवाज समोरच्या माणसापुरता ठेव. आणि डोकं हलवायची सवय मोड, क्लोजअपमध्ये दोन बोटं मान हलली तरी वादळ झाल्यासारखं वाटतं.

पहिली कामं बहुधा कोल्हापूरच्या बाजूला मिळतील. तिथे आणि आसपासच्या गावांत मालिकांचं चित्रीकरण होतं, बेळगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे सुट्टी टाकून जाऊन येण्यासारखं. नर्स, शेजारीण, बँकेतली बाई. बँकेतली बाई तर तुला तालमीशिवाय जमेल. दिवसावर पैसे ठरतात. कपडे बहुतेक वेळा स्वतःचेच न्यावे लागतात. मानधन हातात यायला तीन महिने लागतात, हा धंद्याचा रिवाज आहे, तुला फसवलंय असं समजू नको. दहा टक्के टीडीएस कापला जातो, रिटर्न भरून तो परत मागता येतो, हे मी बी.कॉम.वालीला सांगायला नको. कोऑर्डिनेटरचं, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं, कमिशन किती ते आधी विचार. व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक पैसे मिळतात, त्याला 'नाइट' म्हणतात. दौऱ्यावर असताना नाइट किती आणि भत्ता किती हे वेगवेगळं ठरवून घे.

या सगळ्याचा अर्थ असा की मुंबईला जाशील तेव्हा निदान सहा महिन्यांचा खर्च बँकेत पाहिजे, कारण पहिल्या दिवशी काम मिळालं तरी पहिला चेक तीन महिन्यांनी. ते दीड लाख त्यासाठी राखून ठेव. मधल्या काळात आकाशवाणीची नाट्यस्वराची चाचणी दे, डबिंगचं काम शोध. मराठी-कन्नड दोन्ही स्पष्ट बोलणारा आवाज स्टुडिओला हवाच असतो. ही वरकमाई आहे असं समजून हेटाळू नको, पुष्कळ चांगल्या नटांचं भाडं आवाजावर निघतं.

फसवणुकीबद्दल दोनच गोष्टी, पण नीट ऐक. ऑडिशनला, रजिस्ट्रेशनला, 'आर्टिस्ट कार्ड'ला, कॉस्च्युमला कुणी पैसे मागितले तर फोन ठेव. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. आणि ऑडिशन म्हणजे दिवसाउजेडी, ऑफिसात, चार माणसांत. लॉजवर किंवा कुणाच्या फ्लॅटवर बोलावलं तर जायचं नाही, नाव कितीही मोठं सांगितलेलं असो. 'कॉम्प्रमाइज' हा शब्द कुणी उच्चारला तर त्याचा अर्थ तुला वाटतो तोच आहे. पहिल्या काही वेळा बरोबर कुणीतरी ने, त्याने तुझी किंमत कमी होत नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सेटसुद्धा कामाची जागाच ठरते, तक्रार समिती असणं निर्मात्याला बंधनकारक आहे. तिथलं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी विचारून ठेव.

राहिलं घर. 'मला हिरोईन व्हायचंय' असं जेवताना सांगितलंस तर पुढच्या आठवड्यात स्थळ बघायला सुरुवात होईल, हे तुलाही माहीत आहे. सध्या एवढंच सांग की नोकरी चालू आहे, संध्याकाळी बेळगावात नाटकाची तालीम आहे, परतीची अमुक बस आहे, आणि दिग्दर्शकाचा फोन नंबर हा. खोटं बोलून तालमीला येणाऱ्या मुली मी घेत नाही. एकदा कळलं की पूर्ण नाटक अडकतं. मग पहिला प्रयोग लागला की घरच्या सगळ्यांचे पास घेऊन जा. वडिलांना पहिल्या रांगेत बसवू नको, तिथून मेकअप दिसतो आणि ते तुला ओळखून हसतील. सहाव्या-सातव्या रांगेत, मधल्या खुर्च्या.